मसल कारचं सोवळं

मसल कारमध्ये आधुनिक डिझेल इंजिन बसवावं, असं म्हणायचा अवकाश, गाडीवेड्यांच्या बैठकीत सुतक लागतं. मग एकेक आक्षेप येतो. डिझेल म्हणजे टेम्पोचं इंजिन. ते खडखडतं, धूर ओकतं, जड असतं, रेव्ह घेत नाही. आणि व्ही-एटची ती घोगरी गुरगुर गेली तर मस्टँगमध्ये उरलं काय, नुसता पत्रा? यांतले काही आक्षेप शिळे आहेत, काही खरे आहेत, आणि एक असा आहे की त्याच्यापुढे माझ्यासारख्या डिझेलवाल्यानेही आवाज खाली आणावा.

मुळात हे सोवळं आलं कुठून? मसल कार काही वेदोक्त विधीने जन्मलेली नाही. १९६४ साली पाँटियाकच्या अभियंत्यांनी टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या, घरगुती गाडीत मोठ्या गाड्यांसाठीचं ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-एट बसवलं आणि तिला जीटीओ म्हटलं. या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पाँटियाकने ते इंजिन ‘ऐच्छिक’ म्हणून विकलं आणि नियमाला बगल दिली. ज्या गाडीने ही जात रूढ केली, ती गाडीच दुसऱ्या गाडीचं इंजिन पोटात घेऊन आली होती. तेव्हा ‘या बॉडीत ते इंजिन शोभत नाही’ हे मसल कारच्या भक्ताने तरी म्हणू नये.

आता मसल कारचं मर्म कशात आहे? ते पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही, घोडबंदर रस्ता पुरे. फाउंटन हॉटेलच्या नाक्यावरून ठाण्याकडे वळलं की काजूपाडा, चेणे आणि पुढे गायमुखचा घाट. घाट म्हणायला लहानच, पण न्हावाशेव्याहून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात-येतात. पुढचा ट्रेलर गाडीभर सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. चढावर, खड्ड्यात अडकलेल्या चाकाला त्या क्षणी अश्वशक्तीचा आकडा उपयोगी पडत नाही. तिथे टॉर्क लागतो, आणि तोही इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवर असताना. जुन्या अमेरिकी व्ही-एटची सारी कीर्ती याच दणक्यावर उभी होती. पाय ठेवला की गाडी ढकलली जायची, त्यासाठी इंजिनाला किंचाळावं लागत नसे.

आकडेच पाहू. फोर्डने २०१६ साली मस्टँग जीटी भारतात आणली. पाच लिटरचं व्ही-एट, ४०१ अश्वशक्ती, ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क. हा टॉर्क पूर्ण मिळायला इंजिन चार हजारांच्या वर न्यावं लागतं. बीएमडब्ल्यूचं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल २६५ अश्वशक्तीचं आहे, पण त्याचा टॉर्क ६२० न्यूटन-मीटर आहे आणि तो दोन हजार फेऱ्यांवर हजर असतो. म्हणजे जिथे घोडबंदरचा चालक प्रत्यक्षात गाडी चालवतो त्या दोन हजारांवरच या इंजिनाची सुमारे १७५ अश्वशक्ती त्याच्या पायाखाली असते. मोकळ्या सरळ पट्टीवर, गिअर ताणत नेले, तर ४०१ अश्वशक्तीची मस्टँग या डिझेलला मागे टाकेल. तेवढं मान्य. शेवटी वेग ठरवते ती शक्तीच, आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. पेट्रोल सात हजारांपर्यंत जातं, डिझेल पाचच्या आत दमतं. पण ती मोकळी सरळ पट्टी मीरा-भाईंदरात कुठे आहे, ते आक्षेपकाने मला दाखवावं.

डिझेलची बदनामी मात्र खोटी नाही, ती कमावलेली आहे. १९८० साली अँबेसेडरमध्ये डिझेल आलं. भारतातली ती पहिली डिझेल मोटार. जेमतेम दीड लिटरचं ते इंजिन एवढं अवजड धूड ओढायचं आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये आचके द्यायचं. आमच्या पिढीच्या कानात डिझेलचा आवाज बसला तो तिथला. १९९१ साली पुण्यात टेल्कोने सिएरा काढली. तीन दारांची, मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेल्या काचांची, दिसायला अशी की तिच्यापुढे बाकीचा रस्ता म्हातारा वाटावा. आणि बॉनेट उघडलं की आत पिकअपचं दोन लिटरच्या आसपासचं, टर्बो नसलेलं डिझेल. देहयष्टी पैलवानाची, दम मात्र कारकुनाचा. टर्बो १९९७ साली आला, तोवर गाडीवेड्यांचं मन विटलं होतं. ‘स्पोर्टी गाडीत डिझेल’ या प्रयोगाविरुद्ध विरोधकांनी सिएराचा दाखला दिला तर मी तो खोडणार नाही. अमेरिकेत ऑल्ड्समोबिलने १९७८ ते १९८५ या काळात जे डिझेल व्ही-एट विकलं, त्याने तर एका अख्ख्या देशाला डिझेलचा धसका दिला. हेडचे बोल्ट दाब सोसेनात, गास्केटं जात, इंधनातलं पाणी वेगळं करायची सोय नव्हती.

पण हा दाखला कशाचा आहे? जुन्या डिझेलचा. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल पद्धत पहिल्यांदा मोटारीत आली आणि या इंजिनाचा स्वभाव बदलला. आधी पंप जसा फिरेल तसं डिझेल फवारलं जायचं. आता एका नळीत प्रचंड दाबाखाली डिझेल तयार असतं, आजच्या इंजिनांत हा दाब दोन हजार बारच्या घरात असतो. कधी, किती आणि किती वेळा फवारायचं हे संगणक ठरवतो. मुख्य फवाऱ्याआधी एक चिमूटभर फवारा सोडला की पेट हळू चढते आणि तो खडखडाट निम्म्याने मरतो. पाती वळवणारा टर्बो आला आणि हवा खालच्या फेऱ्यांवरच मिळू लागली. अँबेसेडरच्या आवाजावरून आजच्या डिझेलला नाकारणं म्हणजे वादात न पडण्याची पळवाट आहे.

आणि हे नवं डिझेल आपल्याच अंगणात तयार होत आलंय. रांजणगावच्या फियाट कारखान्यातलं १.३ लिटरचं मल्टिजेट कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत धावलं. चाकणला २०१३ पासून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीडीआय बनू लागली. छोटी हॅचबॅक, १०५ अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर. तिसऱ्या गिअरमध्ये तिचा टर्बो जागा झाल्यावर खंडाळ्याच्या चढावर काय होतं, हे ज्यांनी ती चालवली त्यांना विचारा. नाशिकची थार तर मराठी पोराची खरी मसल कार आहे, असं माझं मत आहे. ओबडधोबड, गरजेपेक्षा जास्त दणकट, बघणाऱ्याला थोडी उर्मट वाटणारी. २०२० च्या थारमध्ये पेट्रोल १५० अश्वशक्तीचं आणि डिझेल १३० चं, तरी मॅन्युअल गिअरच्या दोन्ही गाड्यांचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर. डिझेल थार घेणाऱ्याला आपण कमी प्रतीची वस्तू घेतली असं वाटल्याचं मला तरी आढळलं नाही.

‘ठीक आहे, पण शर्यतीत डिझेल कुठे?’ हा पुढचा आक्षेप. उत्तर फ्रान्समध्ये आहे. २००६ साली ऑडीची आर-१० टीडीआय ही साडेपाच लिटरची, बारा सिलिंडरची डिझेल गाडी ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. त्यानंतर २०१४ पर्यंत दरवर्षी तिथे डिझेलच जिंकलं. २००९ ला प्यूजो, बाकी सगळी वर्षं ऑडी. शेवटच्या तीन वर्षांत सोबत विजेची मोटर होती. आयोजकांचे नियम त्या काळी डिझेलला झुकतं माप देणारे होते, हा विरोधकांचा मुद्दा खरा आहे. पण झुकत्या मापाने इंजिन चोवीस तास फुटायचं थांबत नाही. त्याआधी, १९५२ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत कमिन्सच्या डिझेल गाडीने सर्वांत पुढची जागा पटकावली होती. टायरचं रबर टर्बोच्या तोंडात जाऊन ती ७१ व्या फेरीत बाहेर पडली, हा भाग वेगळा. त्याच कमिन्सने इंजिनं बनवायला १९६२ साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात कंपनी काढली. आणि जेसीबी! घोडबंदर रस्ता बाराही महिने खणणारा तो पिवळा प्राणी. त्याच्या इंजिनावरून घडवलेली दोन इंजिनं एका गाडीत घालून, ऑगस्ट २००६ मध्ये, अँडी ग्रीनने अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ५६३ किलोमीटर गाठले. पुढच्या वेळी गायमुखला जेसीबी आडवा आला की त्याच्याकडे थोडं आदराने पाहा.

वजनाचा आक्षेप खरा आहे, तो पुरता मान्य करू. अमेरिकेत हौशी लोक कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल जुन्या मसल कारमध्ये बसवतात. ते इंजिन सुमारे ५०० किलोचं आहे. पुढचा भार एवढा वाढला की गाडी वळणावर सरळ जायला बघते, स्प्रिंगा बदलाव्या लागतात, ब्रेक बदलावे लागतात, आणि गिअरबॉक्स तो टॉर्क सोसेल याची खात्री नाही. हा खेळ ट्रकच्या इंजिनाचा आहे, आधुनिक डिझेलचा नव्हे. मोटारीसाठीच घडवलेलं सहा सिलिंडरचं डिझेल याहून कितीतरी हलकं असतं. आवाजाबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. ज्याला व्ही-एट ऐकायचं आहे त्याने व्ही-एट घ्यावं. रुचीचं खंडन होत नसतं.

आता माझ्याच बाजूचं एक खोटं. ‘डिझेल बसवलं की ॲव्हरेज वाढेल आणि पैसे वाचतील.’ २०१६ साली पासष्ट लाखांना मिळणारी मस्टँग घेणाऱ्याने पेट्रोलच्या पावत्या मोजायच्या, यात आधीच विनोद आहे. पण हिशेबही चुकतो. इंजिन, त्याचा संगणक, वायरिंग, गिअरबॉक्स, कूलिंग, टाकी आणि नळ्या एवढं सगळं बदलल्यावर वाचलेल्या इंधनातून ते पैसे वसूल व्हायला गाडी मुंबई-सुरत टॅक्सी म्हणून चालवावी लागेल. डिझेल घ्यायचं ते त्याच्या ओढीसाठी. बचत हे कारण असेल तर सीएनजी आहे.

कायदाही गॅरेजवाल्यांच्या बाजूचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावर कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही. इंधन बदलण्याची सवलत आहे ती मान्यताप्राप्त किटपुरती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे कलम काटेकोर लावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. ‘आरटीओत आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हाती गाडी देणाऱ्याने हे वाचून मग द्यावी.

राहिला तो एक आक्षेप, धुराचा. डिझेलचा धूर कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये निःसंदिग्ध जाहीर केलं. घोडबंदरच्या लोकांना हे कुणी सांगायला नको. कंटेनरांचा धूर त्यांच्या खिडक्यांच्या जाळ्यांवर बसलेला असतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण-निकषांनी डिझेल मोटारीच्या धुरातले कण किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आणले, नायट्रोजनची ऑक्साइडं २५० वरून ८० वर. हे साध्य होतं ते धूर गाळणाऱ्या डीपीएफमुळे आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मारणाऱ्या यंत्रणेमुळे. आणि विश्वासाचं काय? फोक्सवॅगनने आपल्या डिझेल इंजिनांत चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर घातल्याचं सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या तपासणीनंतर भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या कंपनीने परत बोलावल्या. मी वर जिचे गोडवे गायले ती पोलो जीटी टीडीआय याच इंजिनांच्या कुळातली. या ठिकाणी डिझेलवाल्याने हात जोडावेत, सबबी सांगू नयेत.

शिवाय डीपीएफला साफ व्हायला तापलेला धूर लागतो, म्हणजे गाडी काही वेळ सलग पळायला हवी. मीरा रोडहून भाईंदर स्टेशनपर्यंत रोज रांगत जाणाऱ्याचा डीपीएफ तुंबणारच, आणि मग तो कापून काढून देणारा मिस्त्री हजर असतो. डीपीएफ कापलेलं आधुनिक डिझेल हे आधुनिक राहत नाही. ते टर्बो लावलेलं जुनंच डिझेल असतं, आणि शेजाऱ्याच्या पोराच्या फुप्फुसात उतरतं. याच धुरापायी जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का, हे तपासायला समिती नेमली. मीरा-भाईंदर त्याच प्रदेशात येतं. डिझेलच्या विरोधात धुराचा हाच मुद्दा सर्वांत वजनदार आहे, बाकीचे बहुतेक रुचीचे किंवा आठवणींचे.

म्हणून माझा निवाडा असा. मसल कारमध्ये डिझेल यावं, पण ते कारखान्यातून यावं: डीपीएफसकट, कागदोपत्री तपासलेलं, वजनाचा तोल साधलेलं, आणि घाटातून नाशिक, सुरत गाठणाऱ्यासाठी. ज्याचा प्रवास शहरातल्या शहरात संपतो त्याने ते घेऊ नये. आणि ज्याच्या दारात आधीच व्ही-एट उभी आहे त्याने ती सुखाने वाजवावी. घोडबंदरच्या गॅरेजात तिचं पोट फाडून डिझेल बसवायला नेऊ नये.