पडली की उतरवलं?

आमच्या भेस्तानच्या सोसायटीतली बारावीची एक मुलगी पायलट व्हायचं म्हणतेय. परवा तिच्या आईने, काकूंनी, मोबाइलवरचा जुना फोटो माझ्यापुढे धरला. "ही बघ, इंदापूरची. पडली ना पोरगी?"

मला तो 'पडली'च खटकला. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटीच निघालेल्या २२ वर्षांच्या शिकाऊ वैमानिकेचं सेसना १५२ कडबनवाडीच्या शेतात आदळलं. इंजिनाची ताकद गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. विमान मोडलं, ती किरकोळ जखमांवर वाचली. इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं कोसळत नाही. नाक जरा खाली ठेवून, साधारण ६० नॉटचा वेग सांभाळत तरंगत आणता येतं. पण शेत निवडायला वेळ किती? मिनिट-दोन मिनिटं! धावपट्टीचा मोह सोडणं सगळ्यात कठीण. मुलगा असता तर आपण 'विमान उतरवलं' म्हटलं असतं, नाही का?

काकूंची भीती मात्र खोटी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं चार दिवसांत कोसळली, डीजीसीएने तिथलं प्रशिक्षण थांबवलं. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या गुजरातेत, अमरेलीला, शिकाऊ वैमानिकाचा जीवच गेला. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं. म्हणून मुलीला अडवण्याआधी संस्थेला विचारावं, इंजिन शेवटचं कधी तपासलं? देखभालीची वही दाखवता का? आपण फक्त फी विचारतो.

काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग तूच चल ना आमच्यासोबत विचारायला."