सडात सोडलेली ट्यूब

फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या अस्सल कामांबेर चीजला कच्चंच दूध लागतं. पाश्चराइज्ड दुधाच्या चीजला ते मानाचं नाव लावता येत नाही. २००७ मध्ये काही बड्या उत्पादकांनी आरोग्याचं कारण पुढे करून हा नियम सैल करायची मागणी केली. नियम काही बदलला नाही.

भीती अगदीच निराधार नव्हती. १९९७ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये कच्च्या दुधाच्या मऊ चीजमधल्या एका जिवाणूची कुंडली मांडली. नाव लॅक्टोकॉकस लॅक्टिस. दूध आंबवणारा, एरवी अगदी निरुपद्रवी जीव. पण त्याच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या तिन्ही प्रतिजैविकांना दाद न देण्याची ताकद देणारी जनुकं सापडली. टेट्रासायक्लिनचं जनुक तर लिस्टेरिया या रोगजंतूतल्या जनुकाशी जवळपास तंतोतंत जुळत होतं. असे कडे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, खरा घोर तो आहे.

म्हणून चीजलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं? चीज ही गोठ्याची नोंदवही आहे. तिथे जे घडतं तेच तिच्यात उमटतं. गाईला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात, ते समजण्यासारखं आहे. पण गाय आटवताना, म्हणजे वेतापूर्वी तिचं दूध बंद करताना, कास निरोगी असली तरी, चारही सडांत ट्यूब सोडायची रीत जगभर रुळली. युरोपीय संघाने जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं २००६ पासून बंद केलं. सरसकट प्रतिबंधात्मक वापराला मात्र २०२२ मध्ये लगाम बसला. फार उशिरा.

आपण दूध उकळतो, म्हणून निर्धास्त असतो. उकळल्याने जिवाणू मरतात, पण औषधाचे अंश पूर्ण जात नाहीत. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१८ च्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आकडा लहान आहे, पण असे अंश राहतात याचाच अर्थ उपचार चालू असलेल्या जनावराचं दूध कॅनमध्ये ओतलं जातं. शेतकऱ्याने तरी काय करावं? ते दूध बाजूला काढलं तर त्या दिवसांचे पैसे बुडतात.

संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) बघून भाव ठरतो. तिथेच प्रतिजैविकांची तपासणीही व्हावी, आणि औषध चालू असताना दूध वेगळं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दूध संघांनी भरपाई द्यावी.