हात काळे झाले म्हणून काय झालं?



पोस्ट जरा लांब आहे, रविवारी चहा घेऊन निवांत वाचा. विषय आहे जुन्या मोटरसायकलचं इंजिन पहिल्यांदाच घरी खोलून परत बांधण्याचा. पण मला म्हणायचंय ते गाडीपुरतं नाही, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. सुरतेत आपण मराठी माणसं ज्या हातांच्या जोरावर उभी राहिलो, त्या हातांचं काम आपल्या पुढच्या पिढीने बघितलेलंच नाही. घराघरांत ते झाकून ठेवलंय. मला हे पटत नाही.

आमचे आप्पा अमळनेरचे. 1974 साली भुसावळ-सुरत लाइनच्या पॅसेंजरने उधन्याला उतरले. अंगावर एक जोडी, पिशवीत एक जोडी. लूमच्या खात्यात आधी कारागीर आणि मग जॉबर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जॉबर म्हणजे माग बंद पडला की चालू करणारा माणूस. शटल उडतंय का, पट्टा सैल झालाय का, कुठला दात झिजलाय, हे आप्पा दहा पावलांवरून नुसत्या आवाजावर सांगायचे. शंभर माग एका वेळी खडखडतात तिथे एकाचा बिघडलेला ठोका ऐकू येणं ही साधी गोष्ट नाही.

पण लग्नाच्या बैठकीत आप्पांची ओळख काय करून द्यायचे? "ते टेक्सटाइल लाइनमध्ये आहेत." जॉबर हा शब्द कोणी काढायचं नाही. आप्पा स्वतःही बैठकीला जाण्याआधी लाकडाचा भुसा आणि कपड्यांचा साबण घेऊन अर्धा तास हात घासायचे. नखांच्या कडेची काळी रेघ तरी जायची नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इथल्या किती घरांत हेच चालायचं, ते वाचणाऱ्यांना मी सांगायला नको.

1981 ला आप्पांनी येझदी घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची 250 सीसी, टू-स्ट्रोक, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. 1961 पासून ही कंपनी जावा काढायची, सत्तरच्या दशकात नाव येझदी झालं आणि 1996 ला कारखाना बंद पडला. ज्यांनी चालवलीय त्यांना आठवत असेल, किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच पुढे वळवायचा आणि गिअर टाकायचा. नवख्या माणसाला गाडी चालू करताच यायची नाही, त्यामुळे चोरीची भीती कमी, असं आप्पा म्हणायचे.

मग 2006 चा ऑगस्ट आला. तापीचा पूर सुरतकरांना तारखेनिशी पाठ आहे. 7 तारखेपासून पाणी चढलं. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि अडाजण-रांदेरचे तळमजले पाण्याखाली गेले. आमची येझदी जिन्याखाली होती. पाणी उतरलं तेव्हा हँडलपर्यंत गाळ. आधी धान्य, गाद्या, कागदपत्रं, आजारी माणसं. गाडीकडे कोण बघतो? नंतर बघितलं तेव्हा किक जागची हलेना. इंजिन जाम. पुढे आप्पा गेले. गाडी तशीच राहिली, वर फाटकी चादर.

गेल्या वर्षी सोसायटीचं रंगकाम निघालं आणि जिन्याखालची जागा मोकळी करायची नोटीस लागली. भंगारवाला आला, वजनावर भाव सांगून गेला. माझी लेक कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, देण्याआधी आत काय झालंय ते तरी बघू या ना." मी आयुष्यभर मार्केटमध्ये हिशेबाच्या वह्या लिहिल्या. पाना हातात धरायचा तो फक्त नळाचा वॉशर बदलायला. तरीही हो म्हणालो.

आमच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत, सत्तरीचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी एकच अट घातली, "काम तुम्ही करायचं, मी खुर्चीवर बसणार." आणि पहिल्याच दिवशी गुजरातीत दटावलं, "भाई, उतावळ ना करो."

उतावळ न करणं म्हणजे काय, ते इंजिनाने शिकवलं. पिस्टन सिलेंडरला चिकटलेला. सिलेंडर बिडाचा, रिंगाही लोखंडी, म्हणजे गंजाने दोघांची गाठ बांधलेली. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि थांबलो. एक दिवस नाही, दहा दिवस. मधूनमधून लाकडी ठोकळा ठेवून हलका ठोका. अकराव्या दिवशी पिस्टन केसभर सरकला. लेकीने गल्ली ऐकेल एवढ्या जोरात ओरडून सांगितलं.

खालची पेटी उघडली तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. आत तापीचा गाळ होता. वाळून खडू झालेला, राखाडी. ज्या पुराबद्दल लेकीने फक्त ऐकलं होतं, तो तिच्या बोटांवर आला. तिचा जन्मही त्यानंतरचा.

आता थोडं काम कसं झालं ते सांगतो, कारण हे सांगणारी माणसं कमी होत चाललीत. टू-स्ट्रोकमध्ये खालची पेटी नुसती पेटी नसते, ती पंप असते. पिस्टन खाली येताना तिथलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो आणि वर ढकलतो. म्हणून ती हवाबंद हवी. क्रँकच्या टोकांचे रबरी ऑइल सील कडक झाले, तर एका बाजूने हवा शिरते आणि दुसऱ्या बाजूने गिअरचं ऑइल ओढलं जाऊन गाडी धुराचे लोट सोडते. सील दिसायला किरकोळ, पण आधी तेच बदलायचे. बेअरिंग गंजलेली, ती सगळी नवी. कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंगही गेलेलं. या क्रँकला बोल्ट नसतात, दोन जड चकत्या एका पिनवर प्रेसने बसवलेल्या असतात. त्या उघडून नवा रॉड बसवणं घरचं काम नाही. उधना उद्योगनगरात एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने प्रेसवर बसवलं, मग क्रँक फिरवत डायल गेजची सुई बघत तांब्याच्या हातोडीने एकेक ठोका देत सरळ केला. सुई मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर नाचत होती. लेक वाचून सांगत होती, तो ठोका देत होता. त्या माणसाने शाळा आठवीत सोडलेली. आमच्या घरात तेवढ्या बारकाईने कोणी काम करत असेल असं मला वाटत नाही.

सिलेंडर बोअर करून घेतला, त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन आणला. रिंग आधी नुसती सिलेंडरमध्ये घालून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजायची. कमी असेल तर गरम झाल्यावर रिंग फुगून अडकते, जास्त असेल तर दाब निसटतो. गजन पिनचे लॉक नवेच घालायचे, जुने पैसे वाचवायला वापरायचे नाहीत. क्लचच्या बुचाच्या प्लेटा ऑइलमध्ये भिजवून बसवायच्या. पॉइंट साफ करून गॅप लावायचा. चाचांनी एकही नट स्वतः फिरवला नाही. फक्त "आवाज ऐका", "हाताला काय लागतंय ते बघा", एवढंच.

चार महिन्यांनी, साधारण तीस रविवार आणि सुट्ट्या घालून, इंजिन सुरू झालं. सातव्या किकला. खर्च एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीएवढा आला.

आता माझं मत.

पहिलं. आपल्या पोरांना हे काम येत नाही, यात पोरांचा दोष नाही. "मी काळे हात केले, तू करू नको," हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात बोललं गेलं आणि ते मायेपोटीच बोललं गेलं. खात्यातल्या बारा तासांच्या पाळ्या ज्यांनी काढल्या त्यांना तो हक्क होता. पण त्या वाक्यातून पोरांनी अर्थ वेगळा घेतला. कष्ट वाईट होते, असं आप्पांना म्हणायचं होतं. पोरांना ऐकू आलं की कामच हलकं. या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायची जबाबदारी मधल्या पिढीची, म्हणजे आपली.

दुसरं. "आता याचा उपयोग काय, सगळं इलेक्ट्रिक होणार," असं अनेक जण म्हणतात. होऊ द्या की. लेकीने येझदी दुरुस्त करून पोट भरायचं नाहीये. पण बंद पडलेल्या वस्तूसमोर न घाबरता बसायचं, एकेक कारण बाद करत जायचं, घाई करायची नाही, मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे तिला कुठल्या क्लासमध्ये मिळालं असतं? तिचं तिचंच म्हणणं आहे की प्रोग्रॅममधली चूक शोधताना आता ती आधी शांत बसते. आप्पांचा वारसा तो हाच. फ्लॅट आणि एफडी नंतर.

तिसरं, आणि हे काहींना आवडणार नाही. लाखभर देऊन बाहेरून गाडी चकचकीत करून आणायची, हॉलमध्ये उभी करायची आणि व्हॉट्सअपला फोटो टाकायचा, हा वेगळा शौक आहे. असो, ज्याचा त्याचा. पण त्याला वडिलांची आठवण जपणं म्हणू नये. ती आठवण क्रोमच्या पॉलिशमध्ये नसते, झिजलेल्या भागाला हात लावल्यावर कळते. आमच्या गाडीच्या टाकीवर आजही चरे आहेत. ते आम्ही ठेवलेत.

उलट बाजूही सांगतो. टू-स्ट्रोक धूर करते, ते खोटं नाही. रोज ऑफिसला न्यायची ही गाडी नाही. महिन्यातून दोनदा सकाळी डुमस रोडपर्यंत, बस. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, विमा लागतो, ते नियमाने करायचं. आणि "व्हिंटेज" नोंदणीच्या मागे सगळ्यांनी धावू नका. 2021 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. ज्यांना खरंच ठेवायची नाही त्यांनी अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी आणि आरसी रद्द करून घ्यावी, नाहीतर नंबर तुमच्याच नावावर फिरत राहतो. जिन्याखाली वीस वर्षं चादर घालून ठेवणं हा काही मान नाही.

आणि हे फक्त मोटरसायकलचं नाही. सुरतेत शटलचे जुने माग भंगारात जाताहेत, जागी वॉटरजेट आणि रेपियर येताहेत. ते थांबवता येणार नाही, थांबवायचंही कारण नाही. पण त्या मागांचे जॉबर अजून आपल्यात आहेत. तुमच्या बिल्डिंगच्या बाकड्यावर संध्याकाळी बसलेले काका बघा. ते आवाजावरून मशीन ओळखायचे. त्यांना कोणी विचारत नाही म्हणून ते राजकारणावर बोलतात.

तर विनंती एवढीच. दिवाळीच्या सुट्टीत घरातली एक बंद वस्तू काढा. गाडी नसेल तर आजीचं शिलाई मशीन, जुना टेबलफॅन, आटा चक्कीची मोटर, काहीही. नातवंडांना जमिनीवर पेपर अंथरून बसवा, काढलेला प्रत्येक स्क्रू ओळीने ठेवायला सांगा, आणि ज्या माणसाला ते काम येतं त्याला खुर्ची देऊन शेजारी बसवा. वस्तू सुरू झाली तर उत्तम. नाही झाली तरी पोरांना आपल्या आजोबांचं खरं काम काय होतं ते कळेल, आणि पुढच्या बैठकीत "टेक्सटाइल लाइन" म्हणायची गरज उरणार नाही.

सरळ सांगायचं, आमचे आप्पा जॉबर होते. चांगले जॉबर होते.