तापमानवाढीची मोजपट्टी कोणाच्या हाती?

२०२४ साली पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या कालखंडाच्या सरासरीहून सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते, असे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले. ही वाढ १.५ अंशांवर रोखण्याच्या आणाभाका २०१५ च्या पॅरिस करारात घेतल्या गेल्या होत्या. मग ती मर्यादा मोडली काय? अधिकृत उत्तर असे की, अद्याप नाही! एका वर्षाचा आकडा ग्राह्य नाही. वीस वर्षांची सरासरी हवी.

येथे शास्त्रज्ञांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. एल निनोसारख्या घडामोडींनी एखादे वर्ष अधिक तापते हे खरे. १८५० पूर्वीच्या जगभरच्या नोंदी तुटपुंज्या आहेत हेही खरे. परंतु वीस वर्षांच्या कालखंडाचा मध्यबिंदू प्रमाण मानला, की मर्यादा ओलांडल्याची खात्री सुमारे दहा वर्षे उशिरा पटते. शिवाय 'औद्योगिक-पूर्व काळ' म्हणजे नेमका कोणता, याची व्याख्या पॅरिस करारात नाही. शास्त्राची सावधगिरी ही अशा रीतीने सत्ताधाऱ्यांची सबब बनते.

सरासरीच्या पोटात आणखीही बरेच दडलेले असते. २०११ ते २०२० या दशकात सरासरी वाढ १.०९ अंश होती. परंतु जमिनीवर ती १.५९ अंश आणि समुद्रावर ०.८८ अंश होती. माणसे राबतात ती जमिनीवर, सरासरीवर नव्हे!

खरा झगडा मात्र दोष कसा मोजावा याचा आहे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात साचून राहतो. म्हणून चालू वर्षाचा धूर मोजणे म्हणजे जुन्या सावकाराचे खाते फाडून टाकणे होय. १९९० साली एका अमेरिकी संस्थेने भारत व चीन यांना मोठ्या दोषींच्या पंक्तीत बसविले, तेव्हा अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये तिच्या हिशेबाचे वाभाडे काढले. शेतकऱ्याच्या भातखाचरातील मिथेन आणि धनिकाच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसा घालता, हा त्यांचा सवाल आजही अनुत्तरित आहे. इंधनाच्या ज्वलनातून आजवर जगात सोडल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा तीन टक्क्यांच्या आसपास.

तथापि हेच आकडे पुढे करून देशातील मक्तेदार भांडवलदार स्वतःची सुटका करून घेऊ पाहतात. दरडोई सरासरी काढताना भूमिहीन शेतमजूर आणि खासगी विमानाचा मालक यांची बेरीज करून भागाकार केला जातो, आणि मजुराच्या दारिद्र्याआड मालकाची चैन लपते. साम्राज्यवाद्यांची सरासरी जर फसवी, तर ही सरासरी प्रामाणिक कशी?

उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येतही वर्गदृष्टी उघडी पडते. भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक, अथवा थेट ४५ अंश असावे लागते. हे तापमान सावलीतल्या हवेशीर पेटीत मोजले जाते. वीटभट्टीवरील कामगार भर उन्हात असतो. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही. पण या निकषात आर्द्रतेला स्थान नाही. परिणामी पारा ३९ वर थांबला, की कागदोपत्री लाट नाही आणि मुकादमाला काम थांबविण्याचे कारणही नाही!

म्हणून श्रमिक चळवळीची मागणी निःसंदिग्ध असली पाहिजे. राष्ट्रांची जबाबदारी साचलेल्या उत्सर्जनावरून ठरावी. देशांतर्गत जबाबदारी वर्गनिहाय मोजली जावी. आणि उष्णतेचा निकष ऊन, आर्द्रता व श्रम यांवर बेतून त्यानुसार भरपगारी विश्रांतीचा कायदेशीर हक्क मिळावा. मोजपट्टी ज्याच्या हाती, न्यायही त्याच्याच हाती. ती हिसकावून घेणे हे केवळ तज्ज्ञांचे काम नव्हे. ते संघटित कामगार-शेतकऱ्यांचे कर्तव्य आहे.