औषधाच्या खोलीतून रुग्णाच्या खाटेपर्यंत

आपल्या स्मरणिकेच्या मागील अंकांत नव्या शस्त्रक्रियांविषयी, तपासणीच्या यंत्रांविषयी आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या आठवणींविषयी पुष्कळ वाचावयास मिळाले. ज्याच्या हातातून आपले प्रत्येक औषध रुग्णापर्यंत जाते, त्या फार्मसिस्टविषयी मात्र कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. मीही आजवर लिहिले नाही, आणि त्याला कारण आहे. या विषयाकडे वळायचे तर मला माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करावी लागते.

१९९७ साली मी बालरोग विभागात निवासी डॉक्टर होतो. एका रात्री दीडच्या सुमारास जन्मजात हृदयदोष असलेले, पाच किलो वजनाचे एक बाळ हार्ट फेल्युअरमध्ये दाखल झाले. तातडीचे उपचार झाले, बाळ थोडे सावरले, आणि सकाळपासून सुरू करावयाचे डिगॉक्सिन मी केसपेपरवर लिहिले. लिहायचे होते ०.०२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा. मी लिहिले ०.२५. अर्ध्या तासाने औषधखोलीतले अण्णा जिना चढून वॉर्डात आले. डिप्लोमा झालेले, निवृत्तीला आलेले गृहस्थ. हातात माझी चिठ्ठी. ते म्हणाले, "डॉक्टर, या हिशेबाने तीस मिलिलिटरची बाटली तीन दिवसांत संपेल. एवढ्या बाळाला ती महिनाभर जाते."

मी काय उत्तर दिले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. "अण्णा, तुम्ही औषध द्यायचं काम करा. डोस ठरवायला आम्ही आहोत." सिस्टर समोर होत्या, बाळाची आई समोर होती. अण्णा हलले नाहीत. "एकदा वजन धरून मांडून बघा," एवढेच म्हणाले आणि उभे राहिले. मी मांडून पाहिले. दशांशचिन्ह एक घर सरकले होते. अर्ध्या मिलिलिटरऐवजी पाच मिलिलिटर, म्हणजे दहापट डिगॉक्सिन. त्या बाळाचे काय झाले असते हे वैद्यकीय वाचकांना सांगावयास नको. मी आकडा खोडला, नवा लिहिला, सही केली. आभार मानले नाहीत. पुढे अण्णा निवृत्त झाले त्या समारंभालाही मी ड्युटीचे निमित्त सांगून गेलो नाही.

अण्णांपाशी कोणताही संदर्भग्रंथ नव्हता. बाटली किती दिवस पुरते हे त्यांना ठाऊक होते आणि अपमान सोसून उभे राहण्याचे धैर्य होते. पण त्या रात्री त्यांच्याऐवजी दुसरे कोणी ड्युटीवर असते तर? क्लिनिकल फार्मसी या शाखेचा माझ्या मते एवढाच अर्थ आहे, की अण्णांनी स्वभावाने केलेले काम योगायोगावर न सोडता रोज, प्रत्येक खाटेपाशी, प्रशिक्षित माणसाकडून करवून घ्यावे.

ही शाखा अमेरिकेत १९६० च्या दशकात आकारास आली. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ मध्ये नवव्या मजल्यावर, वॉर्डाला लागूनच, फार्मसिस्टची खोली उघडण्यात आली. तळघरात बसून बाटल्या भरणारा माणूस वर आला आणि डॉक्टरांबरोबर राउंड घेऊ लागला. १९९० मध्ये हेपलर आणि स्ट्रँड यांनी आपल्या निबंधातून असे मांडले की औषध हाती दिल्याने फार्मसिस्टची जबाबदारी संपत नाही, त्या औषधाचा रुग्णाला काय उपयोग झाला येथवर ती जाते. आपल्याकडे १९४८ चा फार्मसी कायदा झाला, परंतु शिक्षणाचा ओढा प्रामुख्याने कारखान्याकडे आणि दुकानाकडे राहिला. म्हैसूर आणि उटी येथील जे.एस.एस. महाविद्यालयांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फार्मसी प्रॅक्टिसमधील पदव्युत्तर शिक्षण सुरू केले, तेव्हा प्रथम फार्मसीचा विद्यार्थी वॉर्डात दिसू लागला. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला, त्यातील शेवटचे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिपचे. आपल्या बेळगावातही के.एल.ई. च्या महाविद्यालयात तो चालतो. म्हणजे माणसे आपल्या दाराशी तयार होत आहेत.

बालरोगात या माणसांची गरज सर्वाधिक आहे, असे मी म्हटले तर ते माझ्या विषयाचे प्रेम समजू नये. मोठ्यांच्या वॉर्डात बहुतेक औषधांचा डोस ठरलेला असतो. आमच्याकडे एकाच सकाळी नऊशे ग्रॅमचे बाळ आणि पंचेचाळीस किलोचा मुलगा असतो. प्रत्येक डोस वजनावर काढायचा, मोठ्यांसाठी बनवलेले इंजेक्शन पातळ करून त्याचा अंश घ्यायचा, गोळीचे चार तुकडे करून पुड्या बांधायच्या. हिशेबाची प्रत्येक पायरी म्हणजे घसरण्याची एक जागा. अमेरिकेतील दोन शैक्षणिक रुग्णालयांतील बालरुग्णांच्या १०,७७८ औषध-आज्ञा तपासून केलेला अभ्यास २००१ मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झाला. त्यात ६१६ चुका आढळल्या, आणि इजा होऊ शकेल अशा चुकांचे प्रमाण प्रौढांच्या तिप्पट निघाले. वॉर्डात क्लिनिकल फार्मसिस्ट असता तर अशा संभाव्य इजांपैकी ९४ टक्के टळू शकल्या असत्या, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. आणि हे परीक्षक फार्मसिस्ट नव्हते, डॉक्टर होते. त्याच नियतकालिकात १९९९ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागाच्या राउंडमध्ये फार्मसिस्ट सामील झाल्यावर औषध लिहिण्यातील चुकांमुळे होणाऱ्या, टाळता येण्याजोग्या इजा ६६ टक्क्यांनी घटल्या होत्या.

आकडे परदेशातले आहेत, म्हणून माझ्याच वॉर्डातले सांगतो. काही वर्षांपूर्वी अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएटवर असलेली सहा वर्षांची एक मुलगी रक्तातील जंतुसंसर्गाने अत्यवस्थ होऊन आली. पहाटे चार वाजता मी मेरोपेनेम लिहिले. सकाळच्या राउंडला आमच्याकडची केरळची फार्म.डी. झालेली मुलगी म्हणाली, "सर, मेरोपेनेमने व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत खाली येईल. झटक्यांसाठी दुसरं काही जोडायचं का?" हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पहाटे चार वाजता आठवले नव्हते. आम्ही लेव्हेटिरासिटॅम जोडले. मुलीला एकही झटका आला नाही. जे घडले नाही त्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर राहत नाही आणि त्याचे बिलही करता येत नाही. या सेवेची खरी अडचण येथेच आहे.

तीच केरळची मुलगी डिस्चार्जच्या वेळी आयांना औषधे समजावून देते. तिला प्रथम मराठी येत नव्हते आणि कन्नडही बेताचेच. खानापूर किंवा चंदगडकडून आलेली आई बाटलीवरचे इंग्रजी वाचू शकत नाही. दुकानदाराने ओढलेल्या रेघा एवढीच तिची लिपी. त्यात पॅरासिटॅमॉलसारखे साधे औषध घ्या. दहा किलोच्या मुलाला दीडशे मिलिग्रॅम हवे. ते थेंबांच्या बाटलीतून दीड मिलिलिटर होते आणि नेहमीच्या सिरपमधून सहा मिलिलिटर. घरात दोन्ही बाटल्या असल्या आणि सिरपचे माप थेंबांच्या बाटलीला लागले, तर मुलाच्या पोटात एका वेळी सहाशे मिलिग्रॅम जातात. अशी चूक केलेल्या दोन माता मी पाहिल्या आहेत, दोघीही काळजी घेणाऱ्या. आमच्या या मुलीने 'जेवणाआधी', 'जेवणानंतर', 'झोपताना', 'बाटली हलवून' असे शब्द पाठ केले आणि ती सिरिंजवर मार्करने रेघ मारून देऊ लागली. आईकडून पाणी ओढवून घेते आणि रेघेपाशी थांबते का ते पाहते. मी तीस वर्षे "दिवसातून तीनदा द्या" असे सांगत आलो. आईने कशाने मोजून दिले हे क्वचितच विचारले.

एवढे असूनही ही शाखा आपल्याकडे रुजली का नाही? पुष्कळशी कारणे आपल्यातच आहेत. आपल्याला केसपेपरवर दुसऱ्याची टिपणी खपत नाही. या पदवीधरांनी नावाआधी 'डॉ.' लावावे की नाही यावर आपण जितका वेळ वाद घातला, त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी ते काय करू शकतात याचा विचार केला असता तर बरे झाले असते. रुग्णालयांचे चालकही कमी नाहीत. मानांकनाची तपासणी जवळ आली की फार्म.डी. उमेदवार नेमायचा, त्याच्याकडून फायली भरून घ्यायच्या आणि पगार नर्सपेक्षाही कमी द्यायचा. मग ती हुशार मुले बंगळूर-हैदराबादच्या कंपन्यांत औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी टंकित करावयास जातात, याचे नवल कशाला? अर्थात त्यांच्याकडूनही चुका होतात. संगणकाने दाखवलेला प्रत्येक परस्परपरिणाम जसाच्या तसा केसपेपरवर उतरवणारा एक तरुण आमच्याकडे होता. त्याच्या तीस सूचनांतील एखादीच कामाची असे, आणि तीही आम्ही वाचेनासे झालो. रुग्णाकडे पाहून कोणती सूचना महत्त्वाची हे ठरवणे पुस्तकाने येत नाही. ते राउंडमध्ये आपणच शिकवावयास हवे.

दुष्परिणामांच्या नोंदीवरून आठवले. राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. गेल्या वर्षभरात त्याचा एक तरी अर्ज आपल्यापैकी किती जणांनी भरला? मी स्वतः एकही भरला नाही, जे गेले ते आमच्या फार्मसिस्टने भरलेले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील डायएथिलीन ग्लायकॉलमुळे वीसहून अधिक बालके दगावली. दोष उत्पादनातला होता, तो कोणा फार्मसिस्टला बाटली पाहून ओळखता आला नसता. पण मूत्रपिंडे निकामी होऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी कोणते औषध, कोणत्या बॅचचे घेतले, हे विचारून लिहून ठेवणे हेच ज्याचे काम आहे असा माणूस प्रत्येक मोठ्या वॉर्डात असणे ही चैन आहे, असे त्यानंतर तरी कोणी म्हणू नये.

आपल्या संघटनेतील बहुतेकांची रुग्णालये दहा ते वीस खाटांची आहेत. एकट्याने फार्म.डी. पदवीधर नेमणे परवडणारे नाही हे मला मान्य आहे. परंतु टिळकवाडी, शहापूर, खडेबाजार या भागातील पाच-सहा रुग्णालयांनी मिळून एकाला नेमावे, त्याने रोज प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास जाऊन केसपेपर पाहावेत, शंका थेट डॉक्टरांना विचाराव्यात आणि घरी जाणाऱ्या रुग्णांना त्यांच्या भाषेत औषधे समजावून द्यावीत, एवढे शक्य आहे. पगार मात्र निदान आपल्या वरिष्ठ सिस्टरइतका असावा. प्रत्येक बालरुग्णाचे वजन केसपेपरच्या माथ्यावर, आणि डोस मिलिग्रॅम व मिलिलिटर अशा दोन्हींत, हे तर उद्यापासून बिनखर्चात सुरू करता येईल. दोन सहकाऱ्यांशी माझे या योजनेविषयी बोलणे झाले आहे. आणखी ज्यांना यात यावयाचे असेल त्यांनी वार्षिक सभेनंतर जरा थांबावे. खर्चाचा तक्ता मी बरोबर आणणार आहे.