रुग्णवाहिकेमागचे हात

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्या पथकातून ते चीनला गेले, त्याची घडण मात्र आपण विसरलो. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी मदतीचे आवाहन केले आणि स्वतः परतंत्र, दरिद्री असलेल्या या देशातून सुमारे २२,००० रुपये जमले. रुग्णवाहिकेची तजवीज झाली. अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी हे पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये निघाले.

अर्थशास्त्राच्या हिशेबी ही रक्कम नगण्यच होती. परंतु हे श्रीमंताने दुबळ्यावर केलेले उपकार नव्हते. साम्राज्यशाहीने गांजलेल्या एका जनतेने दुसरीला दिलेला तो हात होता. कोटणीस १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्यांच्या हौतात्म्यापुढे आपण नतमस्तक होतो, ते योग्यच आहे. पण औषधे व मलमपट्ट्यांवाचून निष्णात शल्यचिकित्सकही हतबल ठरतो. आजही युद्धभूमीवर जाणारे स्वयंसेवक निघतील. त्यांची औषधपेटी भरण्यासाठी दारोदार फिरण्याचे बिननावाचे काम कोण करणार, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावा.