रॅपची श्रीमंती आणि गल्लीचा हक्क

इंदिरानगर (नाशिक), प्रतिनिधी

घरच्या लॅपटॉपवर मराठी रॅप ध्वनिमुद्रित करणाऱ्या इंदिरानगरसारख्या उपनगरांतील तरुणांपुढे आज आदर्श आहे तो मुंबईच्या डिव्हाइनचा. अंधेरीतील जे. बी. नगरच्या या रॅपरने २०१५ मध्ये नेझीसह ‘मेरे गली में’ गायले, तेव्हा गल्ली हेच त्याचे भांडवल होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ झळकला आणि चित्र पालटले. त्याच वर्षीच्या ‘कोहिनूर’ या अल्बममागे अमेरिकी रॅपर नासशी संबंधित ‘मास अपील’ कंपनी उभी राहिली. २०२२ च्या ‘गुनेहगार’मध्ये तर जेडाकिस, रस यांच्यासारखे अमेरिकी कलावंत सहभागी झाले.

या झगमगाटात गल्लीचा सूर हरवला, अशी टीका होणे स्वाभाविकच. मात्र गरिबी हीच अस्सलपणाची अट मानणे कलावंतावर अन्याय करणारे आहे. खरा प्रश्न मालकीचा आहे. डिव्हाइनने २०१९ मध्ये ‘गली गँग’ ही स्वतःची कंपनी काढून इतर रॅपरनाही व्यासपीठ दिले. त्याचा खरा वारसा हाच. मराठी रॅपलाही उद्या मोठे भांडवल लाभेल. परंतु करारावर स्वाक्षरी करताना गाण्याचे हक्क कोणाकडे राहतात, हे तपासण्याची सावधगिरी तरुणांनी आजच बाळगायला हवी.